संकल्प सोडला, म्हणजे काय केले?

'त्यांनी संकल्प सोडला' हे वाक्य नुसते वाचले तर त्याचा अर्थ लागत नाही. सत्यनारायणाला बसलेल्या यजमानाने संकल्प सोडला, म्हणजे तो केला. पहाटे उठून चालायला जाण्याचा संकल्प एखाद्याने चौथ्या दिवशी सोडला, म्हणजे तो मोडला. क्रियापद एक आणि अर्थ दोन टोकांचे. याचा उलगडा तळहातावर होतो. पूजेच्या आरंभी यजमान उजव्या हातात पळीभर पाणी आणि अक्षता घेतो, गुरुजी सांगतील ते शब्द उच्चारतो आणि पाणी ताम्हनात सोडतो. पाण्याबरोबर शब्दही हातातून सुटतो. दानाचे उदक सोडल्यावर गाय किंवा जमीन आपली राहत नाही, तसा तो शब्दही मग माघारी घेता येत नाही. एखाद्या गोष्टीवर 'पाणी सोडणे' हा वाक्प्रचारही याच तळहातावरून भाषेत उतरला आहे.

मोडणाऱ्या संकल्पांची उदाहरणे वसईच्या किनाऱ्यावर मिळतात. अर्नाळ्याकडून किनाऱ्याने दक्षिणेला निघाले की नवापूर, राजोडी, कळंब अशी गावे लागतात. सुरूची झाडे, मागे केळीच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्या, कुठे देऊळ, कुठे रस्त्याकडेचा क्रूस, आणि अलीकडच्या काळात वाढलेली रिसॉर्ट. ३१ डिसेंबरला इथे मुंबई-ठाण्याहून माणसे येतात. नव्या वर्षाचे बेत वाळूवर बसून आखले जातात: सिगारेट बंद, वजन कमी, मुलांवर ओरडायचे नाही. असे बेत किती टिकतात, याचा एक हिशेब अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी १९८०च्या दशकात मांडला. नववर्षाचा निश्चय केलेल्या दोनशे माणसांचा त्यांनी दोन वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या आठवड्याअखेर ७७ टक्के माणसे आपल्या शब्दाला धरून होती, दोन वर्षांनी १९ टक्के. म्हणजे निश्चय करणे कुणाला जड जात नाही, जड जाते ते त्यानंतरचे.

योगवर्गात 'संकल्प' हा शब्द हल्ली वारंवार कानावर येतो. डोळे मिटा, मनात एक चांगला विचार आणा, तो तीनदा म्हणा. एवढेच सांगितले तर ते अपुरे आहे. भारतीय परंपरेने संकल्पाची बांधणी फार काटेकोर केली आहे. ती बांधणी गळून नुसते गोड वाक्य हाती उरले, तर वाळूवरच्या बेतात आणि त्यात फारसा फरक राहत नाही.

पूजेतल्या संकल्पात काय काय येते ते नीट ऐकण्यासारखे आहे. आधी काळ: ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा कितवा भाग, कोणता कल्प, कोणते मन्वंतर, कोणते युग, त्याचा कितवा चरण. मग स्थळ: जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा कोणता तीर. मग शालिवाहन शक, संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग करणाऱ्याचे गोत्र आणि नाव. आणि सगळ्यात शेवटी, काय करणार ते. अब्जावधी वर्षांपासून सुरू झालेले वाक्य पाटावर बसलेल्या एका माणसाच्या आजच्या दुपारपर्यंत येऊन थांबते. हा सगळा पाल्हाळ वाटेल, पण त्याचे काम फार थेट आहे: कोण, कुठे, केव्हा आणि काय, यांपैकी एकही जागा मोकळी राहू द्यायची नाही. 'बघू, जमेल तसे करू' याला त्यात शिरकाव नाही.

क्रियापदही पारखून घेतलेले असते. यजमान 'करिष्ये' म्हणतो. संस्कृतात 'करिष्यामि' असेही रूप आहे, दोन्हींचा अर्थ 'मी करीन'. पण पाणिनीच्या नियमाप्रमाणे क्रियेचे फळ करणाऱ्यालाच मिळणार असेल तर आत्मनेपद वापरायचे, म्हणून 'करिष्ये'. दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा ऋत्विज 'यजति', स्वतःसाठी करणारा यजमान 'यजते'. संकल्प स्वतःच्याच तोंडाने आणि स्वतःसाठी म्हणायचा, ही अट व्याकरणातच घातलेली आहे. डॉक्टरांनी सांगितले म्हणून, बायको रागावते म्हणून केलेला निश्चय या मोजमापाने अर्धा 'करिष्यामि'च राहतो.

मराठीने सरकारच्या वार्षिक जमाखर्चाला 'अर्थसंकल्प' म्हटले, तेही अगदी नेमके. किती रुपये, कशावर, कोणत्या वर्षात, हे आकड्यांनिशी मांडल्याशिवाय अर्थसंकल्प होत नाही. नुसत्या इच्छांच्या यादीला कुणी अर्थसंकल्प म्हणत नाही.

संकल्पाशेजारी आणखी एक मराठी शब्द ठेवून पाहावा: नवस. वसईच्या पट्ट्यात तो हिंदू घरांतही चालतो आणि ख्रिस्ती घरांतही. इथल्या एका मोठ्या नवसाची कथा प्रसिद्ध आहे. वसईच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडलेला असताना सेनापती चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला, असे सांगतात: किल्ला मिळाला तर देवीचे मंदिर बांधीन. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला सोडला आणि वज्रेश्वरीला गडासारख्या तटबंदीचे मंदिर उभे राहिले. नवसाचे वाक्य 'तर'वर फिरते. तू दे, मग मी देईन. संकल्पात आधी काही मिळण्याची अट नसते, पहिले पाऊल करणाऱ्याचेच. व्यसन सोडायला निघालेला माणूस पुष्कळदा नवस करतो आणि त्यालाच संकल्प समजतो: नोकरी लागली की दारू सोडीन, परीक्षा संपली की लवकर झोपीन. तो 'तर' आधी वाक्यातून काढावा लागतो.

शब्दाचे मूळ 'कॢप्' या धातूत आहे. त्याचा अर्थ जुळणे, योग्य होणे, समर्थ होणे. कल्पना, विकल्प, कल्प हे सगळे याच घरचे. मागे 'सम्' लागला की विखुरलेले एकत्र जुळून येते, 'वि' लागला की फाटे फुटतात. मनाला संकल्प-विकल्पांचे घर म्हणतात ते यासाठी. काही आधुनिक योगपुस्तकांत या शब्दाची फोड परमसत्याशी जोडणारे व्रत अशी केलेली दिसते. ती भावना चांगली असली तरी व्याकरणाला धरून नाही. 'सम्' म्हणजे एकत्र, आणि खरा आशय त्या एकत्र येण्यातच आहे. अर्धे मन एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे असताना जे होते त्याला दुसराच शब्द आहे: धरसोड.

प्राचीन ग्रंथांनी संकल्पाला मान दिला आणि मर्यादाही घातली. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत चौतिसाव्या अध्यायाच्या आरंभी सहा मंत्र आहेत. सहांचाही शेवटचा चरण एकच, आणि त्यात मागणे एवढेच की माझे मन शुभ संकल्पाचे होवो. म्हणूनच त्यांना शिवसंकल्पसूक्त म्हणतात. तिथे धन, आयुष्य, संतती मागितलेली नाही, मनाला वळण मागितले आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदाला एकेक पायरी चढवत नेतात: नाम, वाणी, मन, आणि मनाच्या वर संकल्प. पण संकल्पापाशी ते थांबत नाहीत. त्याच्याही वर चित्त, मग ध्यान, आणि पुढे बऱ्याच पायऱ्या.

गीता तर उलटेच सांगते असे प्रथमदर्शनी वाटते. सहाव्या अध्यायात योगारूढ पुरुषाचे लक्षण म्हणून सर्व संकल्पांचा संन्यास सांगितला आहे, आणि कामना संकल्पातूनच उपजतात असेही म्हटले आहे. मग योगवर्गात संकल्प करा म्हणून का सांगतात? विसंगती खरी आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. गीतेतला तो संकल्प म्हणजे मनाची अखंड चाललेली मांडामांड: हे मिळाले पाहिजे, ते टळले पाहिजे. योगाभ्यासातला संकल्प त्या गर्दीतला एकच निवडतो आणि बाकीच्यांना रजा देतो. या अर्थाने तो त्यागाच्या वाटेवरचाच आहे. दहा संकल्प एकदम करणाऱ्याने गीतेचेही ऐकले नाही आणि योगशिक्षकाचेही नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत संकल्पाचा वेगळा विधी नाही. तिथे दोन गोष्टी आहेत आणि त्या विधीपेक्षा मोलाच्या आहेत. अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तर त्याची भूमी घट्ट होते, हे पहिल्या पादात येते. त्यातला 'आदराने' हा शब्द सहज नजरेतून सुटतो. कपाळाला आठ्या घालून वर्षभर केलेली गोष्ट पतंजलींच्या लेखी अभ्यास ठरणार नाही. दुसऱ्या पादात प्रतिपक्षभावना आहे. मनात आडवे विचार उठू लागले तर त्यांच्याशी कुस्ती खेळत बसू नये, त्यांच्या विरुद्ध बाजूचा विचार आणून बसवावा. पुढे सोपाऱ्याच्या अशोककालीन शिलालेखाशी पोहोचल्यावर याची पुन्हा आठवण होईल.

आज योगवर्गात ज्याला संकल्प म्हणतात तो बहुतांशी योगनिद्रेतून आलेला आहे. ती घडवली स्वामी सत्यानंद सरस्वतींनी. जन्म १९२३, अल्मोड्याचा. ऋषिकेशला स्वामी शिवानंदांकडे शिष्यत्व, आणि १९६४ मध्ये मुंगेरला बिहार योग विद्यालय. त्यांच्या पद्धतीत साधक शवासनात पडतो. शरीर सैल झाल्यावर संकल्प मनात तीनदा म्हणतो. मग शिक्षकाच्या आवाजामागे लक्ष शरीरभर फिरते: उजव्या हाताचा अंगठा, पहिले बोट, दुसरे बोट, तळवा, मनगट. मंत्र म्हणत अंगाअंगाला स्पर्श करण्याच्या तांत्रिक 'न्यासा'तून हा भाग घेतला, असे सत्यानंदांनी स्वतः सांगितले आहे. त्यानंतर श्वास, जडपणा आणि हलकेपणा, थंडी आणि ऊब अशा जोड्या, मग डोळ्यांपुढून सरकणारी चित्रे, आणि शेवटी पुन्हा तोच संकल्प तीनदा. माणूस झोपेच्या उंबऱ्यावर आहे पण झोपलेला नाही, अशा वेळी मनाची जमीन ओली असते, त्यात पडलेले बी रुजते, हा त्यामागचा विचार.

या पद्धतीचे सगळेच धागे भारतातले नाहीत, आणि हे सांगण्यात कमीपणा नाही. फ्रान्समधील नान्सी शहरात एमिल कुए नावाचे औषधविक्रेते (१८५७-१९२६) आपल्याकडे येणाऱ्यांना एक लहानसे आशादायी वाक्य झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर वीस वेळा म्हणायला सांगत. मोजण्यासाठी वीस गाठींची दोरी. जपमाळेची आठवण यावी अशी ही दोरी. जर्मनीत योहानेस शुल्ट्झ या मानसोपचारतज्ज्ञाने १९३२ मध्ये शरीरातला जडपणा आणि ऊब अनुभवत शिथिल होण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. तिच्यातही शिथिल अवस्थेत मनाशी म्हणायची निश्चयाची छोटी वाक्ये आहेत. विसाव्या शतकातला योग या सगळ्यांच्या शेजारी वाढला. न्यासाची दिशा, शिथिलीकरणाचे तंत्र आणि संकल्पाचा जुना शब्द हे तिन्ही योगनिद्रेत एकत्र नांदतात. पुढे अमेरिकेत रिचर्ड मिलर या मानसशास्त्रज्ञाने तिचे निराळे रूप बनवले आणि ते युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक आघातावरील उपचारांत वापरले गेले. मिलर यांच्या मांडणीत सर्वांत आधी विचारले जाते ते हृदयातली खोल आस कोणती, हे.

मनापासूनचा संकल्प कसा ओळखायचा, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. योगशिक्षक सांगतात, पहिल्या दिवशी संकल्प ठरवू नका; शांत पडून राहा आणि काय वर येते ते पाहा. 'मला वीस किलो वजन कमी करायचे आहे' हे पहिल्यांदा वर येईल. त्याच्या खाली कदाचित 'मला नातवाबरोबर धावायचे आहे' असेल, आणि त्याच्याही खाली 'आईसारखे माझे गुडघे जाऊ नयेत' अशी भीती. भीतीवर उभा केलेला संकल्प भीती ओसरली की कोसळतो. जो आपल्या आवडीशी आणि मूल्यांशी जुळतो तो टिकतो, आणि हे केवळ आश्रमातले म्हणणे नाही. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की अपराधीपणातून किंवा दडपणाखाली पत्करलेल्या उद्दिष्टांपेक्षा आपलीशी वाटणाऱ्या उद्दिष्टांसाठी माणसे अधिक काळ कष्ट घेतात. 'करिष्ये' आणि 'करिष्यामि' यांतला फरक मानसशास्त्राच्या अभ्यासातही दिसला म्हणायचा.

मग वाक्य कसे असावे? छोटे. होकारार्थी. वर्तमानकाळात किंवा खात्रीच्या भविष्यात. आणि एकदा ठरले की फळ दिसेपर्यंत न बदलणारे. 'मी चिडणार नाही' असे म्हटले की मनाला आधी चिडच दिसते. 'मी शांतपणे ऐकते' यात काहीतरी करायला मिळते.

इथून पुढची वाट राजोडीजवळच सापडते. पूजेच्या संकल्पात काळ सांगताना 'बौद्धावतारे' असा शब्द येतो. आपण बुद्धावताराच्या काळात जगतो आहोत, हे यजमान पाणी सोडण्यापूर्वी उच्चारतो. वसईच्या किनाऱ्यावर या शब्दाला प्रत्यक्ष जमीन आहे. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, अपरान्ताचे, म्हणजे प्राचीन कोकणाचे, मोठे बंदर. तिथे गावकरी ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत, तो ढिगारा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणला. आत स्तूप निघाला, दगडी पेटी, धातूच्या बुद्धमूर्ती, भिक्षापात्राचे तुकडे. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती आला. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. भुईगाव राजोडीच्या दक्षिणेला, याच किनारपट्टीवर. चौदा लेखांपैकी इथे हे दोनच राहावेत, हा योगायोगच. पण हे दोन्ही लेख माणसाने आपली सवय कशी बदलावी, याविषयीचे आहेत.

आठव्या लेखात अशोक सांगतो, पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, शिकार आणि करमणुकीसाठी. त्याने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, जाऊन धर्मयात्रा सुरू केल्या. त्यात काय करायचे हे त्याने एकेक करून नोंदवले: श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट आणि त्यांना सुवर्ण, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणे, त्यांच्याशी धर्माविषयी बोलणे. आणि याचा आनंद अधिक आहे, हेही. संकल्पाची इतकी सुबक रचना क्वचित पाहायला मिळते. त्याने प्रवास बंद केला नाही. घराबाहेर पडण्याची हौस तीच ठेवली. फक्त शिकारीच्या जागी भेट बसवली. ही पतंजलींची प्रतिपक्षभावना, सूत्रे लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी, दगडावर. जेवणानंतरची सिगारेट सोडणाऱ्याने जेवणानंतरची ती दहा मिनिटे मोकळी ठेवली तर सिगारेट परत येते. तिथे फेरी मारणे, बडीशेप खाणे, बहिणीला फोन करणे, काहीतरी बसवावे लागते.

भुईगावच्या नवव्या लेखाचा विषय मंगलविधी. आजारपण, लग्न, मूल, प्रवास, प्रत्येक वेळी लोक नाना विधी करतात. त्यांचे फळ थोडे, असे अशोक म्हणतो. खरे मंगल म्हणजे नोकर-दासांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांच्या बाबतीत संयम. पूजेतला संकल्प मानणाऱ्यांनाही हे पटावे. तळहातावरचे पाणी खरे ठरते ते संध्याकाळी घरकामाच्या बाईशी आपण कसे बोललो यावरून.

शूर्पारकाने आणखी एक माणूस दिला. पूर्ण हा इथला व्यापारी. 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध कथाग्रंथात तो एका दासीच्या पोटी जन्मलेला, हुशारीवर मोठा झालेला आणि वारंवार समुद्र ओलांडणारा सार्थवाह आहे. गलबतावर पहाटे श्रावस्तीचे व्यापारी काहीतरी म्हणत असतात. ही कोणती गाणी, असे तो विचारतो, आणि ती बुद्धवचने आहेत असे कळल्यावर त्याच्या आयुष्याची दिशा पालटते. ही कथा अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातही रंगवलेली आहे. भिक्षू झाल्यावर पूर्ण रागीट, दांडगट लोकांच्या प्रदेशात राहायला जायचे ठरवतो. बुद्ध त्याचे कौतुक करत नाहीत, प्रश्न विचारतात. त्यांनी शिव्या दिल्या तर? हात उगारला तर? ढेकळे मारली तर? काठीने, शस्त्राने? पूर्णाकडे प्रत्येकाचे उत्तर तयार असते: शिव्या दिल्या तर मनात म्हणेन, भले लोक आहेत, हात उगारला नाही. हात उगारला तर म्हणेन, भले लोक आहेत, ढेकळे मारली नाहीत. पायरी चढत संवाद थेट मृत्यूपर्यंत जातो. मग बुद्ध म्हणतात, जा.

या संवादात संकल्पाची सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. निश्चय केलेल्या माणसाला 'तू करशीलच' असे सांगून भागत नाही. नेमकी अडचण आली तर काय करणार, हे आधीच बोलून घ्यावे लागते. नवसातला 'तर' देवाला घातलेली अट असतो, पूर्णाचा 'तर' स्वतःची तयारी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९०च्या दशकापासून नेमका हाच मुद्दा तपासला: अमुक प्रसंग आला तर मी अमुक करीन, असे वाक्य आधी बांधून ठेवले तर काय फरक पडतो? २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. फरक ठळक होता. त्यांपैकी ब्रिटनमधला एक प्रयोग विशेष बोलका आहे. २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला व्यायामाविषयी काहीच सांगितले नाही. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे आणि हृदयरोगाचे धोके समजावले. तिसऱ्याला हेच समजावून शिवाय एक वाक्य पुरे करायला लावले: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. आठवड्याभरात व्यायाम केलेले पहिल्या गटात ३८ टक्के निघाले, दुसऱ्यात ३५ आणि तिसऱ्यात ९१. स्थळ, काळ, वार आणि कर्ता सांगून पाणी सोडणाऱ्या यजमानाला या आकड्यांचे नवल वाटू नये.

वसईच्या खाडीपलीकडे, गोराईच्या किनाऱ्यावर विपश्यनेचा पॅगोडा उभा आहे. २००९ मध्ये तो खुला झाला. सत्यनारायण गोएंका म्यानमारहून १९६९ मध्ये भारतात आले आणि त्यांनी विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे सुरू केली. या शिबिरांत निम्मे दिवस होत आले की दिवसातून तीनदा 'अधिष्ठान' असते: एक तास हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचे. अधिष्ठान ही बौद्ध परंपरेतल्या दहा पारमितांपैकी एक. गुडघा ठणकतो, पाठ जळते, आणि माणूस पाहत राहतो की 'आता हललोच' असे वाटणारा क्षणही येतो आणि जातो. संकल्पासाठी हा फार चांगला सराव आहे, कारण त्यात मोठे काहीच नाही. फक्त एक तास.

ख्रिस्ती वसईलाही हे अनोळखी नाही. येशुसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेत एका वेळी एकच दोष निवडायचा असतो. सकाळी उठताच त्यापासून सावध राहण्याचा निश्चय करायचा, दुपारी आणि रात्री आठवून पाहायचे, आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके रेघेवर मांडायचे. आठवड्याआठवड्याला रेघा कमी भरतात का, ते पाहायचे. सोळाव्या शतकातली ही टिपणवही आजच्या मोबाइलमधल्या सवयनोंदीहून फार वेगळी नाही.

वारकऱ्यांचा मार्ग आणखी निराळा, आणि टिकाऊपणात सर्वांत पुढचा. तुळशीची माळ गळ्यात घालायची. माळ घातली म्हणजे मांस-दारू वर्ज्य, एकादशी आली, पंढरीची वारी आली. 'तो माळकरी आहे' एवढ्या तीन शब्दांत गावाला सगळे कळते; लग्नाच्या पंगतीत त्याला आग्रह होत नाही. संकल्प गळ्यात दिसतो, म्हणून तो रोज नव्याने करावा लागत नाही, आणि त्याला सोबतही मिळते. योगशिक्षक पुष्कळदा संकल्प कुणाला सांगू नका म्हणतात. त्यालाही आधार आहे. गॉलविट्झर यांच्याच २००९च्या प्रयोगांत कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मनाशी ठरवलेले बेत इतरांच्या नजरेत आल्यावर त्यांचे प्रत्यक्ष काम कमी झाले. सांगून टाकले की केल्यासारखे वाटते. माळेची गोष्ट निराळी, कारण तिथे लोक बेताचे कौतुक करत नाहीत, तो पाळायला मदत करतात. सांगायचेच तर पंगतीत आग्रह न करणाऱ्याला सांगावे.

राहिला काळ. संकल्प अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? एकवीस, चाळीस असे आकडे सर्रास ऐकू येतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ९६ माणसांच्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठरवलेली कृती आपोआप घडू लागायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय बसण्यात विशेष बाधा आली नाही. पतंजलींची 'खंड न पाडता' ही अट आणि हा निष्कर्ष एकमेकांना छेद देतात का? नाही. एक दिवस चुकल्याने खंड पडत नाही. चुकल्या दिवसानंतर 'आता काय उपयोग' म्हणून उठणेच थांबवले की पडतो.

हळूहळू पुऱ्या होणाऱ्या संकल्पाचे उदाहरणही अशोकाचेच आहे. त्याच्या चौदा लेखांतला पहिला सोपाऱ्याला सापडला नाही. तो गिरनारला वाचता येतो. त्यात सम्राटाने आपल्या मुदपाकखान्याचा हिशेब दिला आहे. पूर्वी तिथे कालवणासाठी रोज लाखो प्राणी मारले जात. हा लेख कोरला जात असताना तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे म्हणून लेख संपतो.